रुस्तम : एक नाव, अनेक घरं

बोर्डी-घोलवडच्या पट्ट्यात 'रुस्तम' हे नाव कानावर आलं तर कुणी मान वळवून बघत नाही. चिकूची वाडी, तिचं फाटक, आत कौलारू घर आणि वाडीच्या मालकाचं किंवा मालकाच्या आजोबांचं नाव रुस्तम, हे इथल्या माणसाला ओळखीचं चित्र आहे. इथे हे नाव इराणी लोकांचं, पारशी लोकांचं समजलं जातं. पण मराठवाड्यातल्या एखाद्या गावात जा. तिथे 'रुस्तुम' भेटतो तो शेतकरी असतो, कपाळाला बुक्का लावून वारीलाही जातो. मध्य आशियात गेलात तर गल्लोगल्ली मुसलमान रुस्तम भेटतील. आणि आपल्याकडच्या मुसलमान मोहल्ल्यात? आजोबांच्या पिढीत क्वचित एखादा. आजच्या मुलांत तर मला माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत हजेरीपटावर हे नाव एकदाच लिहायला मिळालं.

या नावाबद्दल लिहायचं कारण एक फोन. माझा एक जुना विद्यार्थी नुकताच बाप झाला. त्याला मुलाचं नाव रुस्तम ठेवायचं होतं. अकिक्याची तयारी चालू होती आणि घरात वाद पेटला होता. कुणी म्हणालं, "हे आगीची पूजा करणाऱ्यांचं नाव आहे, मुसलमानाचं नाही." कुणी म्हणालं, "नाव चांगलं आहे, पण याला काही मतलब आहे का?" तो मला म्हणाला, "आपा, तुम्ही उर्दूही शिकवता आणि मराठीही. तुम्हीच सांगा, हे नाव आपलं आहे की नाही?"

फोनवर पाच मिनिटांत देता येईल असं हे उत्तर नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. असा प्रश्न फक्त त्याच्या घरात पडत असेल असं मला वाटत नाही.

अक्षरं चार, उच्चार अनेक

उर्दूत हे नाव लिहायला चार अक्षरं पुरतात : रे, सीन, ते, मीम. 'रे'वरचा पेश, म्हणजे उकार, बहुतेक वेळा लिहिलाच जात नाही, वाचणाऱ्याने तो ओळखायचा असतो. त्यामुळे हे नाव जिथे गेलं तिथल्या जिभेने त्यात आपापले स्वर भरले. आजचा इराणी माणूस 'रोस्तम' म्हणतो. उर्दूत 'रुस्तम'. पारशी-गुजरातीत 'रुस्तम' आणि 'रुस्तोम' दोन्ही, पुढे 'जी' लागून रुस्तमजी. लाडाचं नाव रुसी. टाटा स्टीलचे रुसी मोदी कागदोपत्री रुस्तमजीच होते. मराठी जिभेला दोन्हीकडे सारखा उकार आवडला, म्हणून मराठीत 'रुस्तुम'.

इथे एक गंमत सांगते. पारशी 'रुस्तमजी' म्हणतात आणि मराठे 'शहाजी' म्हणतात. दोन्हीकडे फारसी-अरबी शब्दाला आपला देशी 'जी' जोडलेला आहे. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. तंजावरच्या भोसल्यांतला 'सरफोजी' हाही त्याच शरीफजीचा पुढचा अवतार. दौलतराव, हैबतराव, सुलतानराव, पिराजी ही नावं आपण मराठी म्हणूनच ऐकतो, आणि ती मराठीच आहेत. 'रुस्तुमराव' हे त्याच रांगेतलं नाव.

अर्थ काय?

'रुस्तम'चा अर्थ विचारला की बहुतेक लोक 'शूर', 'पहिलवान' असं सांगतात. ते चूक नाही, पण तो वीराच्या कीर्तीमुळे नंतर चिकटलेला अर्थ आहे. शब्दाची फोड केली तर दोन तुकडे दिसतात. मागचा तुकडा 'तख्म' किंवा 'तहम', म्हणजे बळकट, धाडसी. पुढच्या तुकड्याबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. एका मतानुसार तो वाढ, देहयष्टी या अर्थाचा जुना इराणी शब्द आहे. संस्कृतातला 'रुह्' म्हणजे वाढणे, वर चढणे हा धातू त्याचा नातेवाईक. आपण 'आरोह' म्हणतो त्यात तोच बसलेला आहे. म्हणजे रुस्तम हा 'बळकट बांध्याचा'. दुसऱ्या मतानुसार पुढचा तुकडा 'रूद' म्हणजे नदी. मग रुस्तम होतो 'नदीसारखा जोरकस'. दोन्ही अर्थ चांगलेच आहेत. मुलाला दोन्ही सांगावेत, मोठा होऊन तो हवा तो निवडेल.

तिसरा अर्थ लोकांनी केलेला आहे आणि तो सगळ्यांत गोड आहे. फिरदौसीच्या 'शाहनाम्या'त रुस्तमची आई रुदाबा हिला बाळंतपणात असह्य वेणा होतात. बाळ इतकं थोर की सुटका होईना. मग सीमुर्ग या अद्भुत पक्ष्याच्या सल्ल्याने तिची कूस चिरून बाळ बाहेर काढतात, जखम शिवतात, वर औषध लावतात. शुद्धीवर आल्यावर ती म्हणते की मी सुटले. फारसीत 'सुटले' म्हणजे 'रस्तम'. त्यावरून बाळाचं नाव रुस्तम. भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मान्य करणार नाही. पण ज्या नावाच्या गोष्टीत पहिला शब्द आईच्या सुटकेचा आहे, ते नाव निव्वळ कुस्ती-लढाईचं राहत नाही, हे मला फार आवडतं. आजच्या फारसीत पोट चिरून केलेल्या बाळंतपणाला 'रुस्तमीना' असाही शब्द आहे.

गोष्ट मक्केपर्यंत पोहोचली होती

पारशांच्या धर्मग्रंथाचा, अवेस्ताचा जेवढा भाग आज उरला आहे, त्यात रुस्तम नाही. तो सीस्तान-झाबुलिस्तान भागातल्या, म्हणजे आजच्या पूर्व इराण आणि अफगाणिस्तानच्या सीमेवरच्या लोककथांतला वीर आहे. तो धर्मपुरुष नाही, लोकपुरुष आहे. आजच्या ताजिकिस्तानातल्या पंजिकेंत इथे सापडलेल्या आठव्या शतकाच्या भित्तिचित्रांत तो राक्षसांशी लढताना दिसतो. फिरदौसी जन्मण्याच्या दोनशे वर्षं आधीची ही चित्रं.

त्याहीपूर्वी त्याची गोष्ट अरबस्तानात पोहोचली होती. सीरतच्या ग्रंथांत नज्र बिन हारिस या मक्केच्या माणसाचा उल्लेख येतो. तो हीरा शहरात राहून इराणी राजांच्या, रुस्तम आणि इस्फंदियारच्या कथा शिकून आला होता. पैगंबर लोकांशी बोलून उठले की हा तिथे बसून त्या कथा सांगायचा आणि माझ्या गोष्टी जास्त चांगल्या नाहीत का, असं विचारायचा. सूरह लुकमानमधली 'मन रिझवणाऱ्या बोलण्या'बद्दलची आयत त्याच्या संदर्भात उतरली, असं अनेक मुफस्सिर लिहितात.

रुस्तम नावावर आक्षेप घेणारे हा दाखला देतात. पण तो नीट वाचला तर राग नज्रच्या हेतूवर आहे. लोकांना सत्यापासून दूर नेण्यासाठी त्याने गोष्टीचा वापर केला, दोष त्याचा आहे. त्यात रुस्तमचं नाव वाईट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 636 च्या सुमारास इराकमध्ये कादिसियाची लढाई झाली. एका बाजूला हजरत साद बिन अबी वक्कास यांचं मुसलमान सैन्य, दुसऱ्या बाजूला सासानी साम्राज्याचं. त्या सासानी सैन्याच्या सेनापतीचं नाव होतं रुस्तम फर्रुखजाद. तो त्या लढाईत मारला गेला आणि इराणची दारं उघडली. म्हणजे इस्लामच्या इतिहासात रुस्तम हे समोरच्या सैन्याच्या सेनापतीचं नाव आहे.

मग पुढे काय झालं ते पाहा. जेमतेम दीडशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियात, ताहर्त इथे एक मुसलमान इमामत उभी राहिली. तिचा संस्थापक अब्दुर्रहमान बिन रुस्तम. इराणी वंशाचा, इबादी पंथाचा. त्याच्या बापाचं नाव रुस्तम होतं आणि त्याला ते लपवावंसं वाटलं नाही. इतिहास त्या घराण्याला 'रुस्तमी' म्हणूनच ओळखतो. ते 909 पर्यंत टिकलं. सोळाव्या शतकात उस्मानी सुलतान सुलेमानचा वजीरे-आझम रुस्तम पाशा होता. इस्तंबूलमध्ये मिमार सिनानने बांधलेली त्याच्या नावाची मशीद निळ्या इझनिक फरशांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. आजही तातारस्तानचे प्रमुख रुस्तम मिन्निखानोव आहेत, ताजिकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलाचं नाव रुस्तम आहे. मशिदीवर चालणारं नाव मुलाला का चालू नये?

आणि ज्याने रुस्तमला अमर केलं तो फिरदौसी स्वतः मुसलमान होता. तूस गावचा. 1010 च्या सुमारास त्याने 'शाहनामा' पूर्ण केला. पन्नास हजारांच्या आसपास शेर. आपल्या पूर्वजांचा धर्म वेगळा होता म्हणून त्यांच्या गोष्टी टाकून द्याव्यात असं त्याला वाटलं नाही.

नावाबाबत दीन काय सांगतो

मी आलिमा नाही, शिक्षिका आहे. पण एवढं कुणालाही वाचता येतं. अब्दुल्ला आणि अब्दुर्रहमान ही अल्लाहला सर्वांत प्रिय नावं, अशी हदीस आहे. पैगंबरांनी काही लोकांची नावं बदलली. हजरत उमर यांच्या एका मुलीचं नाव आसिया होतं, अर्थ 'अवज्ञा करणारी'. ते बदलून जमिला केलं. म्हणजे कसोटी अर्थाची होती. ज्यांच्या नावाचा अर्थ बरा होता त्यांची नावं तशीच राहिली. उमर, खालिद, हमजा ही नावं इस्लामच्या आधीपासून अरबांत होती. इस्लाम स्वीकारल्यावर ती माणसं बदलली, नावं बदलली नाहीत. आज ती नावं इस्लामी वाटतात ती त्या माणसांमुळे.

आणखी एक गोष्ट. जे 'रुस्तम'ला फारसी म्हणून नाकारतात, त्यांच्याच घरात परवीन असते, शहनाज असते, फिरोज आणि जमशेद असतात. तहमीना तर हमखास असते, आणि तहमीना कोण? 'शाहनाम्या'त रुस्तमची बायको. तिच्या नावात तोच 'तहम' आहे जो रुस्तममध्ये आहे. बायको चालते आणि नवरा चालत नाही, हा कुठला न्याय?

त्याहून पुढची गोष्ट. आपण दिवसातून पाच वेळा जी पढतो तिला अरबीत सलात म्हणतात. आपण म्हणतो नमाज. सौमला म्हणतो रोजा. रसूलना म्हणतो पैगंबर. नमाज, रोजा, पैगंबर, खुदा हे सगळे फारसी शब्द आहेत आणि त्यांतले बरेचसे इराणात इस्लाम पोहोचण्याआधीपासून वापरात होते. ज्या भाषेतून आपल्या इबादतीची नावं आली, त्या भाषेतलं मुलाचं नाव परकं कसं?

बहरोटच्या डोंगरावरून

आता पुन्हा आपल्या गावाकडे. बोर्डी म्हणजे महाराष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्याचं उत्तरेकडचं टोक. पुढे झाई, आणि मग गुजरात लागतो. हद्दीपलीकडे थोड्याच अंतरावर संजाण. इराणातून निघालेले पारशी जिथे वसले ते हे संजाण. आणि बोर्डीच्या पूर्वेला बहरोटचा डोंगर. संजाणवर हल्ला झाला तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, या डोंगरातल्या गुंफांत आणून लपवला आणि बारा वर्षं तिथे जपला, असं 'किस्सा-ए-संजान' सांगतो. आज तो अग्नी उदवाड्याला आहे. पारशी भाविक अजूनही हा डोंगर चढून जातात.

हा किस्सा 1599 साली नवसारीच्या बहमन कैकोबाद या पारशी धर्मगुरूने फारसी मसनवीत लिहिला. तो वाचताना मुसलमान वाचकाला एक जागा अवघड जाते. त्यात संजाणवर चालून येणारं सैन्य सुलतानाचं आहे. पारशी हिंदू राजाच्या बाजूने लढतात आणि हरतात. ही जागा मी वर्गात टाळत नाही. इतिहासात आपल्या नावाचे लोक कधी आसरा देणारे होते, कधी हल्ला करणारे. दोन्ही सांगितलं नाही तर तो इतिहास उरत नाही, वकिली होते. पण त्याच वेळी हेही सांगते की हरलेल्यांनी आपली कैफियत ज्या भाषेत लिहिली ती फारसी होती, म्हणजे सुलतानाच्या दरबाराचीच. भाषा आणि नावं अशी लढाईच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी असतात.

संजाणचे पारशी जुने. घोलवड-बोर्डी-डहाणूतले इराणी नंतरचे. ते झरतुष्ट्रीच, पण एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यज्द आणि किरमान भागातून आले. त्यांनी इथे चिकूच्या वाड्या फुलवल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्यामागे या वाड्या आहेत. रुस्तम, सोहराब, जाल, फरामर्ज ही 'शाहनाम्या'तली सगळी मंडळी त्यांच्याबरोबर या किनाऱ्यावर आली. जाल हा रुस्तमचा बाप, सोहराब आणि फरामर्ज त्याचे मुलगे.

याच भागाच्या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. वाडीत राबणारा वारली होता. उंबरगाव-डहाणू तालुक्यांतल्या जमीनदार-सावकारांत हिंदू, मुसलमान, पारशी, इराणी असे सगळे होते. 1945 साली झरी गावापासून वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा उभारला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलेल्यांना तो ठाऊक आहे. वीराचं नाव धारण करणारा प्रत्येक जण दुबळ्याच्या बाजूने उभा राहतोच असं नाही. नाव देता येतं, वागणूक ज्याची त्याला कमवावी लागते.

आखाड्यातला, रंगमंचावरचा, पुस्तकातला

महाराष्ट्राला रुस्तम आधी भेटला तो किताब म्हणून. 28 डिसेंबर 1659 रोजी कोल्हापूरजवळ शिवाजी महाराजांनी आदिलशाही फौजेचा पराभव केला. त्या फौजेचा सरदार होता रुस्तम-ए-जमां, रणदुल्लाखानाचा मुलगा. 'रुस्तम-ए-जमां' म्हणजे आपल्या काळाचा रुस्तम. अडीचशे वर्षांनी हाच किताब गामा पैलवानाच्या नावापुढे लागला. त्याआधी तो 'रुस्तम-ए-हिंद' होता. 1954 साली दारासिंगही 'रुस्तम-ए-हिंद' झाले. आमच्या मराठी मल्लांत लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार यांचं नाव आजही 'रुस्तुम-ए-हिंद' लावूनच घेतात. तांबड्या मातीत हिंदकेसरी आणि रुस्तुम-ए-हिंद शेजारी शेजारी नांदले. मातीने कधी विचारलं नाही की यातला कुठला शब्द कुणाचा.

1853 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी विष्णुदास भावे सांगलीहून मुंबईत येऊन ग्रँट रोडच्या नाटकगृहात मराठी खेळ करत होते. त्याच वर्षी, त्याच नाटकगृहात पारशी नाटक मंडळीने आपला पहिला खेळ केला, तो रुस्तम आणि सोहराबच्या कथेवर. आणि त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात मॅथ्यू अर्नोल्डची 'सोहराब अँड रुस्तुम' ही दीर्घ कविता छापून आली. पुढे आगा हश्र काश्मिरींनी उर्दूत 'रुस्तम-ओ-सोहराब' लिहिलं. 1963 साली 'रुस्तम सोहराब' हा हिंदुस्तानी चित्रपट आला. पृथ्वीराज कपूर रुस्तम, सुरैया तहमीना, आणि दिग्दर्शक कोण? 'रणांगण' लिहिणारे विश्राम बेडेकर. इराणी गोष्ट, पठाणी मुलखात वाढलेला नट, मुसलमान नायिका, मराठी दिग्दर्शक.

आता माणसं घ्या. 1897 साली डर्बनमध्ये गोऱ्यांच्या जमावाने गांधीजींवर हल्ला केला तेव्हा त्यांना ज्या घरात आसरा मिळाला ते पारशी रुस्तमजींचं. सीमा सुरक्षा दल उभं करणारे के. एफ. रुस्तमजी जन्मले नागपूरजवळच्या कामठीत. त्यांचं पूर्ण नाव खुसरो फरामर्ज रुस्तमजी, म्हणजे अख्खा शाहनामा. निवृत्तीनंतर त्यांनी बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खटल्याविना पडलेल्या कैद्यांबद्दल लिहिलं. त्यातून 1979 चा हुसैनारा खातूनचा खटला उभा राहिला आणि हजारो गरीब कैदी सुटले. एका रुस्तमजीच्या लेखणीमुळे एका हुसैनाराच्या नावाने कायद्याचा इतिहास घडला.

आणि मराठी साहित्यात रुस्तुम अचलखांब. 'गावकी' हे आत्मकथन लिहिणारे, तमाशाचे गाढे अभ्यासक, औरंगाबादला नाट्यशास्त्र शिकवणारे. दलित घरात, मराठवाड्याच्या खेड्यात मुलाचं नाव रुस्तुम ठेवलं गेलं. त्या आईबापांनी 'शाहनामा' वाचला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या कानावर हे नाव बळाचं, कर्तबगारीचं म्हणून पडलं असणार, आणि ज्याला जन्मतः दुबळं ठरवलं गेलं त्या मुलासाठी ते त्यांनी उचललं असणार. नावाचा याहून चांगला वापर मला माहीत नाही.

मग ते दुर्मिळ का झालं?

तिन्ही घरांत कारणं वेगळी आहेत. पारशांची संख्याच घटली. 2001 च्या जनगणनेत ते 69,601 होते, 2011 मध्ये 57,264. माणसंच कमी, तर रुस्तम कुठून येणार? मराठी हिंदू घरांत नावांची लाट संस्कृताकडे आणि दोन अक्षरी नावांकडे गेली. रुस्तुमराव आजोबांच्या फोटोखाली राहिले. आणि आपल्याकडे फारसी नावं मागे पडून अरबी नावं पुढे आली. त्यांतही आता मोबाइलवर शोधून काढलेली नवी नावं. अर्थ विचारला तर आईवडिलांना सांगता येत नाही, पण नाव 'इस्लामी' आहे एवढी खात्री असते. आमच्या गल्लीतली रज्जाक, दस्तगीर, गुलाब, रुस्तम ही नावं म्हातारी वाटू लागली.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. हे नाव ठेवणार असाल तर लिहिण्याची एकच रीत पहिल्या दिवशी ठरवा. जन्मदाखल्यावर रुस्तम, शाळेत रुस्तुम आणि आधारवर आणखी काही, असं झालं की मूल मोठं होईपर्यंत कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. आजच्या दिवसांत एका उकाराची किंमत आपल्या लोकांना जास्त मोजावी लागते, हे सांगायला नको.

लपवलेलं नाव

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी एक गोष्ट हळू आवाजात सांगितली होती. "आपा, खरं सांगू का? या नावावरून पटकन कळत नाही की मुलगा कोणाचा आहे. खोली भाड्याने घेताना, नोकरीला अर्ज करताना बरं पडेल." त्याला स्वतःला काय काय ऐकावं लागलं आहे ते मला ठाऊक आहे. असा विचार करणारा तो एकटा नाही. त्याला मी दोष देत नाही.

पण मग त्याला रुस्तमची खरी गोष्ट सांगायला हवी. रुस्तम सात संकटं पार करतो, राक्षस मारतो, ते सगळं मुलांना आवडतंच. लोकांच्या काळजात बसली ती मात्र सोहराबची गोष्ट. तहमीनाच्या पोटी जन्मलेला सोहराब बापाला शोधत सैन्य घेऊन येतो. दोघे समोरासमोर उभे राहतात. मुलाला संशय येतो. तो विचारतो, तू रुस्तम तर नाहीस? आणि रुस्तम म्हणतो, नाही. तो आपलं नाव लपवतो. त्याआधी सोहराब ज्या कैद्याला विचारतो, तोही भीतीपोटी नाव सांगत नाही. जो ओळख पटवू शकला असता त्या मामाला रुस्तमच्याच हातून मरण येतं. मग कुस्ती होते, खंजीर चालतो, आणि मरता मरता मुलगा सांगतो की माझा बाप रुस्तम याचा सूड घेईल. दंडावरचा ताईत दाखवतो. तेव्हा रुस्तमला कळतं.

सोहराब बापाच्या खंजिराने मरतो, पण त्याच्या मरणाला कारण झालं ते न सांगितलेलं नाव.

म्हणून त्याला मी लिहून पाठवलं : नाव जरूर ठेव. अर्थ चांगला आहे, इतिहास मोठा आहे, आणि ते आपलंही आहे, जितकं ते घोलवडच्या इराण्याचं आणि मराठवाड्याच्या रुस्तुमरावाचं आहे तितकंच. मात्र लपण्यासाठी ठेवू नकोस. मुलगा बोलायला लागला की त्याला शिकव, कुणी विचारलं 'तू कोण?' तर आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव, सगळं मोठ्याने सांगायचं. एवढं त्याला जमलं तर नावाचं सार्थक झालं असं समज.